फॉरेन बॉडी

डॉक्टर दारात उभे राहतात, रुमाल नाकाला.
मी कापतो, ते लिहितात.
तेवीस वर्षं झाली या टिनाच्या खोलीत.
पहिल्यांदा ते म्हणाले, "फॉरेन बॉडी,"
तेव्हा मला वाटलं, माणूस परदेशातला असेल.
पण तो तर मोहाळीचा लहानू,
आणि मांडीत भरमार बंदुकीचे चार छर्रे.
पोरवयात शिकारीला गेला असेल चोरून,
जन्मभर कोणाला बोलला नाही.

फॉरेनचं कधीच काही निघालं नाही.
बोरीचा काटा. बांगडीची काच.
एका पोराच्या पोटात चाराणे,
तेव्हा त्यात एक गोळी यायची.
सगळं इथलंच,
सिंदेवाहीच्या बाजारात मिळणारं.

मग भादव्यात आणली बयनाबाई गेडाम.
खाली निजली होती, मण्यार डसली.
ही वाकळा शिवायची. अर्धं गाव
तिच्या टाक्यांखाली झोपतं.
चाळीस वर्षं म्हणत होती,
"पाठीत काईतरी फिरते बापा, टोचते."
पुजाऱ्यानं लिंबू उतरवलं,
कंपाउंडरनं गॅसची गोळी दिली,
सून म्हणाली, नाटकं,
मंडईतही इतकी रंगत नाहीत.

उजव्या खवाट्याखाली बोटाला लागली.
सुई.
काळी पडलेली, टोक झिजलेलं,
नेढं मात्र मोकळं.
उजेडाला धरलं तर त्यातून
बाहेरचा मोह दिसला, एक पान.
शिपाई म्हणाला, "लिवू नका साहेब. साप चावला, संपलं."
डॉक्टर थोडा वेळ थांबले,
मग पेनाला टोपण लावलं.

मी दाभणात सुतळी ओवली.
एरवी मोठे टाके घालतो, पोतं शिवावं तसे,
कोण बघतं.
त्या दिवशी दोनदा उसवलं.
"अरे, गाडी खोळंबली आहे," डॉक्टर म्हणाले.

मुलानं बिडी विझवली,
सुईला हात लावला नाही.
"तिच्यासंगंच जाऊ द्या."
सून पुढे आली, तळहात पसरला.
"खरंच दुखे काय हो तिले?"

मला काय ठाऊक.
माझ्याकडे येतात तेव्हा
कोणाचंच काही दुखत नसतं.

तिनं पदराच्या टोकाला सुई गुंडाळली,
गाठ मारली,
आणि टेम्पोत चढताना
तो पदर अंगापासून
जरा लांब धरला.