करडी व्हॅन

हानुस यंत्र मार्यूनच्या डोळ्यांवर चढवतो,
पट्टा आवळताना विचारतो, "दहापैकी किती?"
"आठ," ती म्हणते. खरं तर नऊ.
बाहेर तोर्शहाव्नचं धुकं, पायाखाली क्लिनिकची फरशी,
आणि समोर समुद्राच्या तळाखालचा बोगदा.

फेरीबोट बंद झाली त्याला चार वर्षं झाली.
पलीकडच्या बेटावर बहीण, तिची मेंढरं, तिचे गुडघे,
सगळं फोनवरूनच.

खोट्या बोगद्याला वास नाही.
छत गळत नाही. वळणापाशी दर वेळी
तीच करडी व्हॅन समोरून येते,
आतला चालक रंगवायचा राहून गेलेला.
पहिल्या दिवशी तिला बघून मार्यून किंचाळली.
सहाव्या दिवशी म्हणाली, आलीस का गं बाई?
दहाव्या दिवशी तिने हात केला,
आणि हानुसने वहीत काहीतरी लिहिलं.

मग नोव्हेंबरातला मंगळवार, खरी गाडी,
डिकीत लोकरीचा गठ्ठा, रुबार्बच्या मुरांब्याच्या दोन बरण्या.
उतार लागला. कानांत दडे बसले.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
कातळाला घाम फुटलेला, तिच्याइतकाच.
सात. आठ. स्टिअरिंगवर बोटं पांढरी.
वळण आलं
आणि करडी व्हॅन आलीच नाही.

रडू आलं ते त्याचं.
एवढ्या खऱ्या पाण्याखाली
ओळखीचं कुणीच नाही म्हणून.

मग मासळीचा एक ट्रक, लाल, अवाढव्य, दिवे रोखून.
तिने हात वर केला, सवयीनं.
क्षणभर काहीच नाही.
मग काचेआडून एक अनोळखी पंजा
गोंधळून हलला.