लांबची वाट

तिठ्यावर तिघे थांबलेले.
अंगाला चिकटलेले पिवळे शर्ट,
हँडलवर नकाशा लुकलुकणारा.
"समुद्राकडे? कांबादोस?"
मी डावीकडे बोट दाखवलं. चौदा किलोमीटर जास्त.
चढ सोपा आहे, म्हटलं. सावली आहे.
सावली होती, तेवढं खरं.

उजवीकडची वाट माझी.
दगडी खांबांवर चढवलेले द्राक्षांचे मांडव,
खाली ओणवं होऊन तोडणी.
सप्टेंबरभर इतकी वाकते मी
की सायकलवर बसले तरी
पाठीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या वळणावर करवतीचा आवाज.
अमान्सिओ खुर्ची टाकून बसलेला,
आपल्याच बागेकडे पाठ करून.
खांब हॉटेलवाल्याने घेतले, म्हणाला.
वेलींना गिऱ्हाईक नाही.
मग, "साबेला, तुझ्या चाकात हवा कमी आहे."
अंगठ्याने टायर दाबून पाहिलं, दोनदा,
आणि पंप आणायला आत गेला
तो बराच वेळ आलाच नाही.

मी एक घड खुडला,
पाठीवरच्या खिशात टाकला,
आणि उतार.
खाली खाडी, शिंपल्यांचे तराफे,
ओहोटीच्या चिखलात
तिसऱ्या खरवडणाऱ्या बायका,
त्यांतली एक माझी आई, कुठली ते वरून कळत नाही.
ब्रेक लावला नाही कुठेच.

धक्क्यावर पोचले तेव्हा
घड फुटून रस कमरेपर्यंत ओघळलेला,
दोन गांधीलमाश्या पार बागेपासून मागे.
पाण्यात पाय सोडून बसले.

ते तिघे येतील तासाभराने,
सावलीबद्दल आभार मानत.