पोटखराब

मौजे धावडदरा, तालुका पाटोदा, गट नंबर दोनशे बारा.
एकूण क्षेत्र नऊ हेक्टर चाळीस आर,
पैकी पोटखराब सहा हेक्टर पंच्याऐंशी, वर्ग 'अ'.
आकारणी निरंक.

एवढंच ठाऊक होतं
एप्रिलात रोव्हरची पिवळी काठी खांद्यावर घेऊन
मी बालाघाटाची ही धार चढले तेव्हा.
मागे लिंबाजी, तीस वर्षं साखळी ओढलेला.
आता त्याच्या हातात फक्त पहार, चुन्याची पिशवी
आणि माझी पाण्याची बाटली.

माथ्यावर पवनचक्कीवाले दोघं थांबले होते.
त्यांना माती नको होती, झाड नको होतं,
वारा हवा होता.
सातबाऱ्यावर वाऱ्याला रकाना नाही.

आसराबाई शेळ्यांमागून आली.
"कुठून कुठवर खराब हाय, मला बी दाव की."
मी स्क्रीन पुढे केला.
तांबड्या पट्ट्यावर तिने नख ठेवलं, नकाशा सरकला,
ती दचकून मागे झाली, मग हसली.
"ह्यो तर पवन्या गवताचा उतार.
सात घरची जनावरं संक्रांतीपोतर ह्याच्यावर जगत्यात.
आन् ही सीताफळं कुणी लावली न्हाईत बाई,
खोकडानं खाल्ली, खोकडानंच पेरली.
धाकट्याची बारावीची फी ह्यातून भरली म्या.
लावायचं तर खोकडाचं नाव लावा."
लिंबाजी खो खो हसला.
मी उपग्रह मोजत होते,
सोळा, सतरा, परत सोळा.

ऑफिसात चोपन्न सालच्या खासरा पत्रकाची झेरॉक्स आहे.
तिथे या डोंगरापुढे एकच शब्द: बंजर.
लिहिणारा इथवर चढला होता
की खाली चावडीतच शाई वाळवत बसला,
कळायला मार्ग नाही.
माझ्या वडलांच्या वयाचा शब्द.
आम्ही तो दर वेळी नव्या कागदावर
स्वच्छ अक्षरात उतरवत आलो.

बिंदू सात धावड्याच्या बुडाशी निघाला.
लिंबाजीने पहार घातली.
वीतभर मुरूम, हातभर मुरूम,
मग पहारेचा खणखण आवाज बसला,
ओल्या पिठात मूठ मारावी तसा.
खड्ड्याच्या तळाशी काळी ओल.
बघता बघता चमचाभर पाणी.
एप्रिल. माथ्यापासून चाळीस पावलं खाली.

पवनचक्कीवाल्याने घड्याळ पाहिलं.
आसराबाईला नवल वाटलं नाही, राग आला.
"पहाटं हरणं हितंच उकरत्यात.
आमी कुणाला सांगत न्हाई.
सांगितलं की बोअरची गाडी येती."

पाणी असलं तर वर्ग 'ब' होतो.
नियम मला पाठ आहे:
वाट, ओढा, पाणवठा; मग तिथे पाया खणता येत नाही.
पण लिहिलं की सगळ्यांना वाचता येतं.
मी आसराबाईकडे पाहिलं,
ती शेळीला शिव्या देत होती.

लिंबाजी हळूच म्हणाला,
"ताई, दगड दोन हात अलीकडं रोवू?
पूर्वी साखळी असायची, ढिली पडायची.
ह्या काठीला ढिलं पडता येत न्हाई काय?"

नकाशा अजून माझ्या टेबलावर आहे.
सोमवारी सही मागतील.
बिंदू सातपाशी पेन्सिलीने एक 'ब' काढलाय,
इतका फिका, की खोडायचाच झाला
तर खोडरबर लागणार नाही,
अंगठा पुरेल.