कोड

बावीस वर्षं मी या दवाखान्याची बिलं लिहिली.
खिडकीबाहेर बटाट्याची शेतं,
नोव्हेंबर ते एप्रिल त्यांच्यावर बर्फ,
नदीपलीकडे कॅनडा,
आणि टेबलावर कोडांचं जाडजूड पुस्तक.
खोकल्याला कोड, खरचटल्याला कोड,
बदक चावलं तर त्यालाही कोड.
खोटं नाही, एकदा लावलाय मी,
फिलोमीन सिरच्या नातवाला.

फक्त फोनला कोड नव्हता.
संध्याकाळी डॉक्टर मिशो अंगातला कोट न काढता
रिसीव्हर खांद्याशी दाबून बसायची:
पायाला सूज आहे? बोटानं दाब. खड्डा राहतो?
किती वेळ राहतो?
अर्धा तास. पाऊण तास.
माझ्या वहीत त्या पाऊण तासापुढे शून्य.

म्हणून ओनेझीम थिबोडोला आम्ही बोलावूनच घ्यायचो.
चाळीस मैल. वय एक्याऐंशी.
ट्रकचा हीटर त्याच्या म्हणण्याप्रमाणे
फक्त उतारावर चालतो.
यायचा, टोपी मांडीवर ठेवून दीड तास बसायचा,
सात मिनिटं तपासला जायचा,
जाताना माझ्या काउंटरवर बटाट्यांची पिशवी.
सात मिनिटांना कोड होता.
दीड तासाला नव्हता.
चाळीस मैलांना नव्हता.

लाडक्या लेकराचे पुरवावेत
तसे विमा कंपनीचे कोड पुरवत आले मी.

मग एका ऑगस्टात पैसे येण्याची रीतच बदलली.
आता माणशी, महिन्याकाठी.
ओनेझीम आला तरी तेवढेच, नाही आला तरी तेवढेच.
मला वाटलं, आता बसून खायचे दिवस.
डॉक्टरनं मात्र एका मंगळवारी पेशंटांनाच बोलावलं,
सूप, कुट्टूची धिरडी, आणि प्रश्न एकच:
काय बदलू?
नवं मशीन मागतील, असं आम्ही धरून चाललो होतो.
ओनेझीम उभा राहिला. घसा खाकरला.
"ती कागदाची झगुली. मागून सगळं उघडं.
आधी बोलत जा. मग कपडे काढायला सांगा."
आणि बसला.

आता रोज सकाळी आठला नर्स क्लोडेट त्याला फोन करते.
तो मोजे काढून काट्यावर चढतो,
आकडा सांगतो, हवा कशी आहे ते सांगतो.
दोन दिवसांत तीन पौंड चढले की
डॉक्टरला विचारून ती गोळी वाढवते.
जानेवारीत एका सकाळी त्यानं फोन उचलला नाही.
पुन्हा लावला. पुन्हा.
क्लोडेटनं गाडीची किल्ली घेतली.
"हे कशाखाली लिहू?" माझ्या तोंडात आलं होतं.
जीभ चावली.

तो होता स्वयंपाकघरात, खुर्चीत,
मांडीवर काटा उलटा, चष्मा कपाळावर,
बॅटरी बदलायला स्क्रू सुटेना.
"घंटी ऐकली गं," म्हणाला,
"पण आकडाच नाही हातात.
उचलून काय सांगू?"

ही गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं.
पण महिन्याच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे
आता एक नवा रकाना आहे: जोखीम.
माणूस जितका आजारी दिसेल, तितकी रक्कम मोठी.
वरून पत्र आलंय, फार सभ्य भाषेत:
एखादं निदान नजरेतून सुटलं तर नाही ना,
कृपया पुन्हा पाहावे.
पुस्तक बंद करून ठेवलं होतं मी.
हात पुन्हा तिकडेच जातो.

हे एक कोडंच आहे, आणि ते पुस्तकात नाही.

क्लोडेट परतली तेव्हा बुटांना बर्फ, हातात तीच पिशवी.
तळघरातले बटाटे, मोड आलेले.
मी तक्ता बाजूला सारला.
त्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.
डॉक्टर आली, स्टूल ओढलं, कोट काढला,
आणि आम्ही तिघी मोड खुडत बसलो.