एक्स एकतीस

पारा उणे पंचविसावर उतरतो तेव्हा
आमच्या लाटगालेत माणसं कमी मरतात.
सगळे धास्तावून घरात बसतात,
शेजारी शेजाऱ्याच्या धुराड्यावर नजर ठेवतो.
मरतात ती नोव्हेंबरात, शून्याच्या वर दोन अंशांवर,
चिखल धड गोठलेला नसतो
आणि पडायचं पाऊस म्हणून की बर्फ म्हणून
हे आभाळाचंही ठरलेलं नसतं.

हे मला वहीनं शिकवलं.
सतरा वर्षं मी रेझेक्नेत मृत्यूचे दाखले लिहिते.

दोनात्स सापडला बसथांब्यामागे, ओल्या गवतात.
कोट काढून घडी घातलेला,
बूट जोडीनं शेजारी, मोजे बुटांत.
पोलिसांना वाटलं, कुणीतरी लुटलं.
डॉक्टर स्काइद्रीतेनं मान हलवली.
शेवटी शेवटी त्यांना उकडतं, म्हणाली,
आणि खिडकीची फट लावायला उठली.

उकडतं.
हा शब्द मी कुठल्या रकान्यात बसवू?
त्याला जूनमधलं तळं दिसलं असेल कदाचित,
काठावर बूट काढणारा अकरा वर्षांचा तो.
कदाचित काहीच नसेल. पोटात दारू होती.
मी लिहिलं: एक्स एकतीस,
नैसर्गिक अतिशीताशी संपर्क.

व्हेनेरांदा तर स्वतःच्या स्वयंपाकघरात होती.
अंगात तीन स्वेटर, डोक्याला घट्ट रुमाल,
भट्टीत परवाची राख. खोलीत सहा अंश.
टपालवाली लेओकादिया सांगत होती,
मागचं खोपट उघडलं तर
बर्चचे ओंडके थेट छपरापर्यंत,
खडखडीत वाळलेले, एकही जागचा न हललेला.
मुलगा नाताळला आयर्लंडहून यायचा होता ना,
नातवंडांना गारठा सोसत नाही.

तिच्या दाखल्यावर आहे: हृदय बंद पडले.
तेही खोटं नाही. सगळ्यांचंच पडतं.
डिसेंबरअखेर तक्ता रिगाला गेला,
थंडीचे बळी तीननं घटले,
वरून शाबासकीचं पत्र आलं.
ते मी फायलीला लावलं.

मुलगा आला होता, दाखल्याच्या प्रती घ्यायला.
नाव दोनदा चुकलं माझ्याकडून, तो काही बोलला नाही.
जाकिटाला धुराचा वास.
निघताना म्हणाला,
चार दिवस झाले, रात्रंदिवस जाळतोय,
संपतच नाहीत.