भांग

हेमांगी, तांडेलाची पोर तू,
तूच शिकवलंस :
तिथी घ्यायची, पाऊणपट करायची,
तेवढ्या वाजता भरती.
मी वहीत लिहून घेतलं, समास सोडून.
तू हसलीस.
तुझ्या बोटांच्या पेरांवर अख्खा समुद्र.

अवस-पुनवेला उधाण.
अष्टमीला भांग :
पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.
आणि केसांतला तो दुसरा भांग,
तो तू माझा रोज वाकडा पाडायचीस,
सकाळच्या तरीत, कॉलेजला जाताना,
नजमाच्या दात पडलेल्या फणीने.
तर हलली, म्हणायचीस.
तर हलत नसायची गो.

पुनवेच्या ओहोटीला खालचा कातळ उघडा पडायचा.
सलवारी गुडघ्यापर्यंत खोचून
आपण तिघी कालवं फोडायचो.
तुझी कोयती, माझा डबा,
नजमाची नुसती बडबड.
एकदा शिंप माझ्या बोटात घुसली, हाडापर्यंत.
तू बोट तोंडात धरलंस, थुंकलीस,
म्हणालीस, "खारट आहे. मरत नाहीस."

मग नजमाचा निकाह, बहरीन.
आधी पत्रं यायची, पत्रांना अत्तराचा वास.
नंतर ईदला एक फोटो, चौघांचा,
त्यात ती कोणती हे शोधावं लागायचं.
मी रत्नागिरीला, होस्टेलवर.
तू राहिलीस.

तू एकच काम सांगितलं होतंस.
नर्सिंगचा फॉर्म, साडेतीनशे रुपये,
रबर लावून, प्लास्टिकच्या पिशवीत.
नोटांनाही सुकटीचा वास.
गुरुवार, शेवटची तारीख.
सिव्हिलमधली खिडकी पाचला बंद.
मी मारुती मंदिराजवळ आइस्क्रीम खात होते
नव्या मैत्रिणींबरोबर,
आणि पिशवी सॅकच्या तळाला दाबली होती,
वास बाहेर येऊ नये म्हणून.
पाच वाजून दहा मिनिटांनी
खिडकीला आतून फळी.

शनिवारी घरी आले. तुला सांगितलं,
जागा भरल्या.
पैसे परत दिले, रबरासकट.
"जाऊ दे गो," म्हणालीस,
आणि माझ्या आईसाठी चार बांगडे दिलेस,
करंजाच्या पानात बांधून.

सोळा वर्षं.

आज धक्क्यावर लिलाव तू करतेस.
डोक्याला रुमाल, कमरेला पाकीट,
पुरुषांच्या गराड्यात तुझाच आवाज चढा.
मी दिसले, तरी आकडा अडखळला नाही.
मी किलोभर सुरमई घेतली.
तू पैसे घेतलेस. पूर्ण.
अंगठा ओला करून मोजलेस.
मला वाटलं होतं नको म्हणशील,
आणि नको म्हणाली असतीस
तर मी तिथून सरळ एसटीत बसले असते.

मी म्हटलं, तो फॉर्म…
तू पेटीत बर्फ ढकलत होतीस.
"खिडकी पाचला बंद व्हायची," म्हणालीस.
"यादी बघायला मी शुक्रवारीच जाऊन आले होते."

शुक्रवारी.
म्हणजे बांगडे त्यानंतरचे.

पाण्याकडे बघत राहिले.
पायरीच्या शेवाळाशी येऊन थांबलेलं,
वर नाही, खाली नाही.
आठ पाऊण सहा, मनात आलं.
तूही पाण्याकडेच बघत होतीस,
तुला हिशेब करावा लागत नाही.

निघताना माझ्या डोक्याकडे पाहिलंस.
"अजून वाकडाच," म्हणालीस.
हात उचलला होतास,
मग खवले दिसले आणि पदराला पुसलास.
"पुनवेला ये. पाचच्या सुमाराला कातळ उघडतो.
कोयती आहे अजून."

पुनव पुढच्या मंगळवारी.
माझी रजा रविवारपर्यंत.
"बघते," म्हटलं.
तू तोवर
पुढच्या टोपलीकडे वळली होतीस.