किती झाल्या

मेरिसव्हिल, ओहायो. गाडीच्या काचेवरचा बर्फ
मी कराडच्या बँकेच्या बाद कार्डानं खरवडते.
घराला घर लागून, मधली भिंत पापडाएवढी.
पलीकडे सेत्सुको कावाबे.
तिचा भात झाला की कुकर सात सुरांचं गाणं म्हणतो
आणि आपली वाफ आपणच गिळून गप्प बसतो.
माझा बोंबलतो.
पहिल्या आठवड्यात मी तिच्या दारात माफी मागायला गेले,
तर म्हणाली, 'आज चार? काल तर तीनच होत्या.'
चार म्हणजे अख्खा मसूर, मी सांगितलं.
तिनं वहीत लिहून घेतलं.

कारखान्यात लाईनीवरून पिवळी दोरी जाते.
चूक दिसली की ओढायची, कुणाची का असेना.
मी ओढली तेव्हा तळहात गार पडले होते:
दाराच्या बिजागरीत एक बोल्ट, अर्धा आटा कमी.
लाईन थांबली. तीनशे माणसं थांबली.
हिराओकासाहेब आले, वाकून पाहिलं,
आणि मला 'थँक यू' म्हणाले.
जेवणाच्या सुट्टीत मी गाडीत बसून रडले. डबा तसाच.

अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मलकापूर फाट्यावर.
वार्निशचा वास त्यांच्या अंघोळीलाही पुरून उरायचा.
मीटर होतं, पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कपाटात.
अण्णा बोटाच्या मागच्या बाजूनं वायरीला शिवायचे: 'आलाय.'
एकदा गिऱ्हाइकाकडे पंप उलटा फिरला.
अण्णा छातीठोक म्हणाले, 'तुमची लाईटच उलटी आलीय, बोर्डाला विचारा.'
आणि रात्री सायकलवर जाऊन, बॅटरी दातात धरून,
दोन वायरींची अदलाबदल करून आले.
त्यांच्या डोक्यावर दोरी नव्हती.
असती तर त्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला असता.

हे ऐकून सेत्सुको खूप हसली, मग एकदम थांबली.
'आमच्याकडे सगळं बोलतं,' म्हणाली,
'पाणी तापलं की टब सांगतो, वळताना ट्रक सांगतो.
आई मात्र दिवसदिवस कुणाशी बोलत नाही.'
आई एकटी, आकितात. तिनं सकाळी किटलीचं बटण दाबलं
की इथं दुपारी चारला लेकीच्या फोनवर एक हिरवा ठिपका.

माझी आई सातला गुलाबाचं चित्र पाठवते.
रोज तोच गुलाब, तेच दव, शुभ सकाळ.
मी कधी उत्तर देत नाही. पण सव्वासात झाले
की फोन उलटासुलटा करून बघते.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. ठिपका आला नाही.
चार, साडेचार, पाच.
सेत्सुको माझ्या ओट्याशी उभी, अंगात कोट, पायात घरातल्या सपाता.
तिकडे फोन वाजतोय, कुणी उचलत नाही.
मी काय बोलणार? कुकर लावलेला होता.
तो आपला ओरडत होता, आणि आम्ही दोघी
त्या काळ्या चौकोनाकडे बघत.

पावणेसहाला आईचाच फोन.
किटली आदल्या रात्रीच बिघडली होती.
तिनं माळ्यावरचं लोखंडी भांडं काढलं, पाणी तापवलं, चहा प्यायली,
आणि बर्फ उपसायला बाहेर गेली. एवढंच.
'एवढी शहाणी, पण स्वतः मेली ते कुणाला कळवलं नाही,'
म्हातारी किटलीला नावं ठेवत होती.
सेत्सुको मला समजावून सांगता सांगता हसत होती, नाक पुसत होती.

मसूर तळाला लागला होता.
वरवरचा काढून आम्ही तिच्या भाताबरोबर खाल्ला.
'किती झाल्या?' तिनं विचारलं.
मोजल्या नव्हत्या. तिनंही नाही.

सात वाजून चार मिनिटांनी गुलाब आला.
मी पहिल्यांदाच उत्तर लिहिलं: मिळाला.
लगेच फोन वाजला, कराडला अजून उजाडलंही नव्हतं:
'काय झालं गं? बरी आहेस ना?'